ढेकूण गेले, पण पॉलिशही गेलं? कीटकनाशक घेताना लेबलवरची ‘ही’ अक्षरं आधी वाचा

घरात झुरळं किंवा ढेकूण झाले की दुकानातून औषध आणून फवारलं जातं. किडे मरतात, पण कधी कपाटाचं पॉलिश उडतं, तर कधी भिंतीवर पांढरे पट्टे उमटतात. असं का होतं?

कीटकनाशकाच्या नावापुढे टक्केवारी आणि इंग्रजी अक्षरं असतात. मूळ औषध कोणत्या स्वरूपात आहे, हे त्यावरून कळतं.

कोणतं औषध कुठे वापरावं?

- ईसी : औषध तेलकट द्रावकात विरघळवलेलं असतं. पाण्यात घातल्यावर ते दुधासारखं दिसतं. उग्र वास येतो. प्लास्टिक, रबर, पॉलिश आणि रंग खराब होऊ शकतो.
- डब्ल्यूपी : पाण्यात कालवायची भुकटी. कण भिंतीत न मुरता वरच राहतात, त्यामुळे मातीच्या किंवा गिलावा नसलेल्या भिंतींवर ती जास्त टिकते. मलेरिया रोखण्यासाठी घरांच्या भिंतींवर अशीच भुकटी फवारली जाते. मात्र, गडद रंगाच्या भिंतीवर पांढरे डाग दिसतात.
- एससी : अतिशय बारीक कण पाण्यात मिसळलेले असतात. वास आणि डाग कमी. रंगवलेल्या भिंती आणि फरशीसाठी सोयीचं.
- जेल : सिंकखाली, बिजागऱ्यांजवळ छोटे ठिपके लावायचे. त्यावर स्प्रे मारू नये, नाहीतर झुरळं ते खात नाहीत.

डाग पडला नाही म्हणजे औषध सुरक्षित का?

नाही. विषारीपणा वेगळा तपासावा लागतो. भारतात लेबलवरच्या चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वाधिक विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा असला तरी औषध विषच असतं.

शेतीसाठीचं औषध घरात फवारू नये. धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर ढेकणांसाठी कधीच वापरू नयेत. हवेतल्या ओलाव्यामुळे त्यांतून फॉस्फिन हा प्राणघातक वायू निघतो. बंद खोलीत झोपलेल्यांचा त्यामुळे जीव जाऊ शकतो.

फवारणीआधी काय करावं?

- लेबलवर ‘घरगुती वापर’ लिहिलंय का ते पाहा.
- न दिसणाऱ्या कोपऱ्यात थोडं फवारा, वाळू द्या आणि डाग पडतो का ते तपासा.
- भांडी, अन्न आणि खेळणी आधीच हलवा.
- फवारा पूर्ण वाळेपर्यंत रांगणारी मुलं आणि पाळीव प्राणी दूर ठेवा, खिडक्या उघडा.
- लेबलवर परवानगी असल्याशिवाय गादीवर फवारू नका.