निजामाच्या राज्यातले तारे

लहानपणी उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपायचो. आजचं छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद होतं. आजोबा दक्षिणेकडे बोट करून दाखवायचे: तो वृश्चिकाचा विंचू, ती लालसर ज्येष्ठा आणि तिच्या उजवीकडे ओळीत अनुराधाचे पांढरे-निळसर तारे. "रंग वेगवेगळे का?" या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

हेच आजोबा निजामाचा विषय निघाला की गप्प व्हायचे. रझाकारांच्या भीतीने त्यांना गाव सोडावं लागलं होतं. 17 सप्टेंबर 1948 नंतरच ते परतले. आमच्या घरी निजामाच्या राज्याचा इतिहास तिथे सुरू व्हायचा आणि तिथेच संपायचा.

म्हणून कॉलेजात असताना निजामिया वेधशाळेबद्दल वाचलं, तेव्हा मी जरा गोंधळलो. नवाब जफर जंग या हौशी खगोलप्रेमीने विलायतेहून दुर्बिणी मागवून 1901 साली हैदराबादेत ती उभारली. त्यांच्या निधनानंतर 1908 मध्ये ती सरकारकडे आली.

तेव्हा जगात एक अचाट काम सुरू होतं. सगळ्या आकाशाचे फोटो काढायचे आणि ताऱ्यांची यादी करायची, असं 1887 साली पॅरिसला ठरलं होतं. देशोदेशीच्या वेधशाळांनी आकाश पट्ट्यापट्ट्यांनी वाटून घेतलं. दक्षिणेकडचा 17 ते 23 अंशांचा पट्टा आधी चिलीतल्या सान्तियागोकडे होता, तो हैदराबादला मिळाला. 1914 पासून काम धरलं गेलं. 1918 नंतर टी. पी. भास्करन यांनी ते पुढे नेलं. काचेच्या पट्टीवर फोटो घ्यायचा, मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेका ठिपक्याची जागा मोजायची. पुढे उत्तरेकडचाही एक पट्टा पूर्ण झाला. चार लाखांहून जास्त ताऱ्यांच्या नोंदी अशा हाताने झाल्या.

अनुराधातले दोन तारे याच दक्षिण पट्ट्यात येतात. ज्येष्ठा मात्र थोडी खाली, पट्ट्याबाहेर.

या कंटाळवाण्या मोजणीचा उपयोग काय? तारे स्थिर वाटतात, पण सरकत असतात. ते इतकं सावकाश की माणसाच्या आयुष्यात डोळ्यांना कळत नाही. जुनी जागा कुणीतरी लिहून ठेवलेली असेल, तरच फरक काढता येतो. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या टायको-2 या यादीत सुमारे 25 लाख ताऱ्यांच्या गती काढताना जगभरच्या या जुन्या मोजण्या वापरल्या गेल्या. हैदराबादच्याही.

गती कळली की ताऱ्यांचं गोत्र कळतं. एकाच दिशेने, एकाच वेगाने चाललेले तारे बहुधा एकाच ढगातून जन्मलेले असतात. वायू आणि धुळीचा थंड ढग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकसतो, तुकडे पडतात, प्रत्येक तुकड्याचा गाभा तापत जातो. तापमान एक कोटी अंशांच्या आसपास गेलं की हायड्रोजनचं हेलियम होऊ लागतं आणि तारा स्वतःच्या बळावर तळपतो.

ज्येष्ठा आणि अनुराधा अशाच एका कुळातले, वय जेमतेम एक कोटी वर्षांच्या घरात. आपला सूर्य साडेचारशे कोटींचा! मग रंग वेगळे का? तारा जितका जड, तितका तो इंधन उधळतो. अनुराधाचे तारे अजून भरात आहेत, पृष्ठभाग पंचवीस हजार अंशांच्या वर, म्हणून निळसर. ज्येष्ठाच्या गाभ्यातला हायड्रोजन संपला. ती सूर्याच्या कित्येकशे पट फुगली, पृष्ठभाग साडेतीन हजार अंशांच्या आसपास उतरला आणि ती लाल झाली. भावंडं साधारण एकाच वयाची, पण ही लवकर म्हातारी झाली. नाव ज्येष्ठा शोभतं.

हे सगळं मी आजोबांना सांगितलं. निजामाच्या वेधशाळेचंही, जरा भीत भीतच. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सरकारी होती ना? मग शेतसारा आपणही भरलाय की."

आजोबा आता नाहीत. शहरातल्या दिव्यांमुळे अनुराधा शोधावी लागते. यंदा जूनच्या सुरुवातीला, ढग यायच्या आत, रात्री नऊनंतर दक्षिणेकडे बघा. ज्येष्ठा अजूनही चटकन दिसते.