नेम बंदुकीचा की गोळीचा?

१८५७ च्या काडतुसांची गोष्ट आपण सगळ्यांनीच शाळेत वाचलेली आहे. काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावली आहे अशी वार्ता पसरली, शिपाई बिथरले, २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे यांनी शस्त्र उचलले, १० मेला मीरतला भडका उडाला. हा धडा मी कितीतरी वर्षे शिकवला. आणि दर दोन-तीन वर्षांनी एखादे चौकस पोर हमखास विचारी, "सर, पण काडतुसाला चरबी लागतेच कशाला?" पाठ्यपुस्तकात याचे उत्तर नसे. उत्तर मोठे मजेदार आहे, आणि त्याची सुरुवात लष्करात नाही, तर शिकाऱ्यांकडे होते.

जुन्या ठासणीच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे. दोन-चार बार काढले की नळीत दारूची काजळी धरे, म्हणून गोळी मुद्दामच नळीपेक्षा बारीक ठेवावी लागे. इंग्रजांच्या 'ब्राउन बेस' बंदुकीची नळी पाऊण इंचाची आणि गोळी सुमारे ०.६९ इंचाची. मग ही गोळी नळीत इकडेतिकडे ठेचकाळत जाणार, आणि शेवटची ठेच जशी बसेल तशी बाहेर पडणार! शंभर यार्डांपलीकडे एकट्या माणसावर नेम धरणे म्हणजे अंधारात तीर मारणेच.

यावरचा उपाय जर्मन शिकाऱ्यांना सोळाव्या शतकातच ठाऊक होता. नळीच्या आत पिळाच्या खाचा पाडायच्या. खाचांमुळे गोळीला गिरकी मिळते आणि गिरकी घेणारा भोवरा जसा ताठ उभा राहतो, तशी ती गोळीही आपली दिशा सोडत नाही. हीच रायफल. पण अडचण अशी की गोळीने खाचा घट्ट पकडल्या पाहिजेत, आणि घट्ट गोळी तोंडाकडून आत घालायची तर ठोकून ठोकून घालावी लागे. ठोकली की तिचा आकार बिघडे. तेव्हा शिकाऱ्यांनी युक्ती काढली. गोळी थोडी लहान घ्यायची आणि चरबीत भिजवलेल्या चिंधीत किंवा पातळ कातड्यात गुंडाळून आत सरकवायची. चिंधी खाचा पकडते, चरबीमुळे गोळी सरकते आणि काजळीही मऊ राहते. बंदूक तीच, फक्त गोळीला अंगरखा चढवला, आणि नेम सुधारला! चरबीचे मूळ हे असे आहे.

शिकाऱ्याला एका गोळीसाठी वेळ असतो, सैनिकाला नसतो. म्हणून लष्करांनी ही रायफल बरीच वर्षे थोड्या तुकड्यांपुरतीच ठेवली. कोंडी फोडणारी कल्पना सुचली ती आपल्या दक्षिण भारतात. कॅप्टन नॉर्टन नावाच्या अधिकाऱ्याने तिथल्या लोकांची फुंकनळी पाहिली. तिच्या बाणाच्या बुडाला कमळाच्या देठातला मऊ भेंडासारखा गर लावलेला असे. फुंकर मारली की तो गर फुलून नळीला चिकटे आणि हवा वाया जात नसे. नॉर्टनने १८२३ च्या सुमारास बुडाशी पोकळ, लांबट गोळी बनवली. नळीत सैल जाणारी, पण बार होताच बूड फुगून खाचांत घट्ट बसणारी. सरकारने ती नाकारली. विल्यम ग्रीनर यांची १८३५ ची गोळीही अशीच बाजूला पडली. शेवटी १८४९ मध्ये फ्रान्सच्या मिनिए यांनी तेच तत्त्व यशस्वी करून दाखवले आणि ब्रिटिश सरकारने त्यांना वीस हजार पौंड मोजले. ग्रीनर यांना पुढे एक हजार मिळाले. फुंकनळीवाल्यांना अर्थातच काही नाही!

याच तत्त्वावरची १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड हिंदुस्थानात आली. कागदी काडतुसाचे दारूचे टोक दाताने फाडायचे, दारू नळीत ओतायची, मग काडतूस उलटे करून गोळीचे चरबी लावलेले टोक आत दाबायचे. चिंधीच्या जागी कागद आला, चरबी मात्र राहिली. चरबी कोणत्या जनावराची, याची खातरजमा करण्याची तसदी सरकारने आधी घेतली नाही. पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे.

त्याच १८५७ साली इंग्लंडमध्ये हाइथ येथे एक चाचणी झाली. मँचेस्टरचे यंत्रज्ञ जोसेफ व्हिटवर्थ यांची रायफल एनफिल्डसमोर ठेवली. दोघींच्या गोळ्या ५३० ग्रेनच्या, म्हणजे जवळजवळ तीन तोळ्यांच्या. दारूही सारखीच, ७० ग्रेन. फरक एवढाच की एनफिल्डची नळी ०.५७७ इंच आणि तिच्या पिळाचा एक फेरा ७८ इंचांत पुरा होई, तर व्हिटवर्थची नळी षटकोनी, ०.४५ इंचाची आणि फेरा २० इंचांत. साहजिकच तेवढ्याच वजनाची तिची गोळी सडसडीत आणि लांब. पाचशे यार्डांवर एनफिल्डच्या गोळ्या सरासरी २.२४ फूट भरकटल्या, व्हिटवर्थच्या केवळ ०.३७ फूट, म्हणजे साडेचार इंचांच्या आतबाहेर!

पुढे १८७९ मध्ये वूलिच येथील गणिताचे प्राध्यापक ग्रीनहिल यांनी याचे सूत्र मांडले. ते तोंडी हिशेबाचे आहे. गोळीची लांबी तिच्या जाडीच्या किती पट आहे ते पाहा आणि १५० ला त्याने भागा. येईल तितक्या जाड्यांच्या अंतरात पिळाचा एक फेरा हवा. व्हिटवर्थची गोळी जाडीच्या साधारण तिप्पट लांब. १५० भागिले तीन म्हणजे पन्नास, आणि पन्नास गुणिले ०.४५ म्हणजे साडेबावीस इंच. व्हिटवर्थ सूत्राच्या वीस-बावीस वर्षे आधी, निव्वळ प्रयोगांनी, वीस इंचांवर पोचले होते. म्हणजेच बंदूक आणि गोळी यांची पत्रिका जुळावी लागते. लांब गोळी सैल पिळाच्या नळीतून झाडली तर ती डगमगते, मग बंदूक कितीही किमती असो.

आणि नेहमी लांब गोळीच चांगली असेही नाही. सातपुड्याच्या जंगलांत फिरलेले कॅप्टन जेम्स फोर्साइथ (मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरच्या त्यांच्या १८७१ च्या ग्रंथामुळे ते आपल्याकडे माहीत आहेत) यांनी १८६३ मध्ये शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवरच एक पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की जंगलात जनावर दिसते शंभर-दीडशे यार्डांच्या आत, आणि तेही क्षणभर. अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी गोळी फार वरखाली जाऊ नये, म्हणून हलकी गोल गोळी आणि भरपूर दारू घ्यावी. पण जोरदार बाराला आखूड पीळ चालत नाही, गोळी खाचा सोडून तशीच घसरत जाते. म्हणून त्यांनी पीळ अगदी सैल सुचवला, सुमारे १०४ इंचांत एक फेरा.

पुढच्या काळातल्या दुनळी शिकारी रायफलींत तर ही जोडी आणखी नाजूक झाली. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या ठराविक अंतरावर एकत्र पडाव्यात म्हणून कारागीर त्या नळ्या एका विशिष्ट काडतुसासाठीच जुळवत. गोळीचे वजन वा दारू बदलली की दोन नळ्यांचा मेळ सुटे. शिवाय उन्हाने कॉर्डाइट दारूचा जोर वाढतो, म्हणून उष्ण देशांसाठी थोडी कमी दारू भरलेली वेगळी काडतुसे बनवत. आजही जाणकार एकाच रायफलीतून तीन-चार प्रकारच्या गोळ्या झाडून पाहतात आणि ज्यांची भोके सर्वांत जवळ पडतात तीच गोळी त्या रायफलीसाठी पक्की करतात.

हा केवळ हौशी लोकांचा हिशेब आहे असे वाटत असेल, तर चंपावतच्या नरभक्षक वाघिणीची गोष्ट आठवा. जिम कॉर्बेट यांनी १९०७ मध्ये तिला मारले, तोवर त्यांच्या आकड्याप्रमाणे तिने ४३६ माणसे मारली होती. शेवटच्या क्षणी त्यांची काडतुसे संपली. त्यांनी तहसीलदारांची जुनी बंदूक घेऊन जवळूनच वाघिणीच्या उघड्या जबड्यावर बार काढला, तर गोळी तिच्या पंजाला लागली! (आधीच्या जखमांनीच ती मेली.) मग तिचा जबडा पाहिला तेव्हा उजवीकडचे दोन्ही सुळे तुटलेले, जुन्या गोळीने. नेहमीची शिकार धरता येईना, म्हणून ती माणसांकडे वळली, असे कॉर्बेट यांनी लिहिले आहे.

कुणाचा तरी नेम दोन-चार इंचांनी चुकला होता. वाघीण जखमी होऊन झाडीत गेली, बंदूकवाला घरी गेला, आणि त्या दोन-चार इंचांची किंमत गवत-लाकूड आणायला रानात गेलेल्या बायाबापड्यांनी मोजली. १९७२ च्या कायद्यानंतर आपल्याकडे अशी शिकार बंद झाली ते बरेच झाले.