बगळ्याच्या पिसांची गोष्ट

तळ्याकाठच्या पांढऱ्या बगळ्याला विणीच्या दिवसांत पाठीवर झिरझिरीत पिसं फुटतात. सव्वाशे वर्षांपूर्वी ही पिसं लंडनच्या बाजारात सोन्याच्या भावानं जात, बायकांच्या टोप्यांसाठी. पिसांपायी बगळे मारले जात आणि घरट्यात पिल्लं उपाशी मरत.

१८८९ मध्ये मँचेस्टरजवळच्या एमिली विल्यमसन यांनी आपल्या घरी बायकांचा गट काढला. वर्गणी दोन पेन्स. नियम असा, खाण्यासाठी न मारलेल्या पक्ष्याचं पीस अंगावर घालायचं नाही. (शहामृगाच्या पिसांना तेवढी सूट!) आम्हाला तर आपला बचत गटच आठवला.

१९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारनं पिसांची निर्यात बंद केली. तरी माल चोरून जातच राहिला, कारण तिकडे गिऱ्हाईक होतं. ब्रिटनमध्ये आयातबंदीचा कायदा झाला १९२१ मध्ये. गट काढल्यापासून बत्तीस वर्षं!

विकणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं, दोन्ही दारं राखायची सोय १९७३ च्या वॉशिंग्टन करारानं केली. त्याला सायटीस म्हणतात. वाघासारख्या अतिधोक्यातल्या प्राण्यांच्या मालाला दोन्ही देशांचा परवाना लागतो, आणि धंद्यासाठी तो मिळत नाही. भारत १९७६ मध्ये त्यात सामील झाला.