साताऱ्याच्या मातीतील दोन धडे

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव चढले. पण पटावर नाव आले म्हणून समता आली नाही. साताऱ्यातल्या त्या शालेय दिवसांत बाबासाहेबांना वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. शिपायाने वरून पाणी ओतले नाही, तर तहानलेलेच राहावे लागे.

त्याच साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एका पंक्तीत जेवली. पुढे १९४० साली रयत शिक्षण संस्थेचे महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. ज्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले, त्यांचेच हे नाव. शाळेचे तत्त्व एकच : ‘कमवा आणि शिका’.

काहीजण विचारतात, गरिबांच्या मुलांकडून श्रमच करून घेतले ना? आम्ही म्हणतो, फरक समजून घ्या. जातीने लादलेले काम माणसाला जन्मभर खाली दाबते. सर्व जातींच्या मुलांनी मिळून केलेले आणि शिक्षणाची वाट मोकळी करणारे काम त्याला ताठ उभे करते.

आज ‘व्यक्तिमत्त्व विकास’ फी भरून विकत मिळतो आणि आमची मुले शिष्यवृत्तीची वाट पाहत बसतात. ज्या शाळेत मुले एकत्र जेवत नाहीत, एकत्र राबत नाहीत, तिथे विकास नेमका कुणाचा होतो? शाळेच्या निकालाआधी हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

जय भीम!