रोज्याची मर्यादा : ग्वाल्हेरशी संबंधित दोन सूफींच्या संदर्भात

रोज्याचे नियम सांगणारी छोटी-मोठी पुस्तके उर्दूत आणि मराठीत पुष्कळ आहेत. रोजा कशाने तुटतो याची यादी त्यांत सविस्तर असते. रोजा कोठे संपतो आणि कोणावर तो नाही, ही बाजू मात्र बहुधा चार-दोन ओळींत आटोपलेली दिसते. त्यामुळे रोजा म्हणजे भूक आणि जितकी भूक जास्त तितके पुण्य अधिक, असा समज सामान्य माणसाच्या मनात घर करतो. शरीअतने रोज्याला घातलेली मर्यादा हा रोज्याचाच भाग आहे, हे प्रस्तुत लेखात ग्वाल्हेरच्या इतिहासातील दोन व्यक्तींच्या आधारे मांडावयाचे आहे.

नियमांतील मर्यादा

रमजानचे रोजे हिजरी सन 2 मध्ये (इ. स. 624) फर्ज झाले. कुरआनच्या सूरह बकरामध्ये 183 ते 187 या आयतींत त्यांचे मूळ नियम आले आहेत. रोज्याचा हेतू तेथे तकवा, म्हणजे ईशभय व संयम, असा सांगितला आहे. लगेच आजारी व प्रवासी यांना सवलत देऊन अल्लाहला तुमच्यासाठी सुलभता हवी आहे, अडचण नको, असा खुलासा केला आहे. हुकूम आणि सवलत एकाच ठिकाणी सांगितलेली आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

रोज्याची वेळ पहाट उजाडल्यापासून सूर्यास्तापर्यंत. ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी ही वेळ डिसेंबरात सुमारे 12 तास, तर जूनमध्ये सुमारे 15 तास भरते. चांद्र वर्षामुळे रमजान सुमारे 33 वर्षांत सर्व ऋतूंतून फिरतो. म्हणून कोणत्याही पिढीच्या वाट्याला केवळ कडक उन्हाळ्याचे किंवा केवळ हिवाळ्याचे रोजे येत नाहीत.

या दोन्ही टोकांना शिष्टाचार जोडलेले आहेत. सहरी करणे सुन्नत आहे आणि ती उशिरा करणे उत्तम मानले आहे. सूर्य मावळताच इफ्तार करावा, विनाकारण लांबवू नये. इफ्तार न करता एका दिवसाचा रोजा दुसऱ्या दिवसाला जोडणे, म्हणजे विसाल, प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अनुयायांना मना केले. दोन ईदचे दिवस व बकरी ईदनंतरचे तीन दिवस मिळून वर्षातील पाच दिवस रोजा ठेवणेच निषिद्ध आहे. विसरून खाल्ले-प्यायले तर रोजा कायम राहतो.

ज्याला आजारामुळे रोजा ठेवता येत नाही त्याने बरे झाल्यावर कजा करावी. जो वार्धक्याने किंवा कायमच्या आजाराने असमर्थ आहे त्याने प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाच्या जेवणाइतका फिदिया द्यावा. गर्भवती व स्तनदा मातांना स्वतःच्या किंवा बाळाच्या प्रकृतीची भीती असल्यास रोजा पुढे ढकलता येतो. मासिक पाळीच्या दिवसांत तर रोजा ठेवायचाच नसतो. ते दिवस नंतर भरून काढायचे असतात.

हिजरी सन 8 मध्ये मक्केकडे जाताना प्रवासात लोकांना रोजा जड जात असल्याचे कळले, तेव्हा प्रेषितांनी (स.) असरनंतर सर्वांसमक्ष पाणी पिऊन रोजा सोडला. तरीही काहींनी रोजा चालू ठेवल्याचे समजताच त्यांना त्यांनी अवज्ञा करणारे म्हटले. ही घटना सहीह मुस्लिममध्ये नोंदलेली आहे. सवलत नाकारण्यातही अवज्ञा असू शकते, हा तिचा स्पष्ट अर्थ होय.

चुनारच्या डोंगरातील साधना

शत्तारी संप्रदायाचे शेख मुहम्मद गौस ग्वालियरी (मृत्यू 1563) यांची भव्य कबर ग्वाल्हेरात आहे. तिच्या दगडी जाळ्या प्रसिद्ध आहेत आणि तिच्याच आवारात तानसेनची समाधी आहे. 1526 मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला बाबरच्या सरदाराच्या हाती येण्यात या शेखांचे साहाय्य झाले होते. तरुणपणी त्यांनी चुनारच्या डोंगरात बारा वर्षे कठोर साधना केली. गुहेत राहून झाडांच्या पाल्यावर दिवस काढले, असे इतिहासकार बदायुनी लिहितो. त्यांच्या ‘जवाहिरे खम्सा’ या फारसी ग्रंथाचे पाच भाग असून पहिल्यात उपासकाची इबादत आहे, तर पुढे ईश्वरनामांच्या आवाहनाच्या विधी येतात. अशा विधींच्या काळात मांस, मासे, अंडी वर्ज्य करण्याची पद्धत होती. योगसाधनेवरील ‘अमृतकुंड’ या ग्रंथाला त्यांनी ‘बहरुल हयात’ या नावाने फारसी रूप दिले.

एकादशी आणि अनुष्ठान ज्यांच्या ओळखीचे आहे, अशा मराठी वाचकाला हे वातावरण परके वाटणार नाही. परंतु येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. ही रियाजत एका साधकाने पीराच्या मार्गदर्शनाखाली ठरावीक काळापुरती स्वीकारलेली होती. फर्ज रोज्याच्या जागी ती येऊ शकत नाही. फर्ज रोजा हमाल, शेतकरी, विद्यार्थी, गृहिणी अशा सर्वांचा आहे आणि म्हणूनच तो सर्वांना पेलेल इतका मोजून दिलेला आहे.

किल्ल्यातील कैदी

दुसरी व्यक्ती ग्वाल्हेरात स्वेच्छेने आली नव्हती. नक्शबंदी संप्रदायाचे शेख अहमद सरहिंदी (1564–1624) यांना जहांगीर बादशहाने 1619 मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. त्यांच्या पत्रांतील आध्यात्मिक दाव्यांवरून हा प्रसंग ओढवला होता. सुमारे वर्षभराने त्यांची सुटका झाली.

कैदेपूर्वीच लिहिलेल्या एका पत्रात सरहिंदींनी आपल्या विषयाचे मर्म सांगितले आहे. त्यांच्या मते शरीअतच्या एका हुकमाचे पालन हे स्वतःच्या मनाने केलेल्या दीर्घ तपश्चर्येपेक्षा अहंकार मोडण्यास अधिक उपयोगी पडते. त्यासाठी त्यांनी दिलेले उदाहरण असे : ईदच्या दिवशी हुकूम मानून जेवणे हे स्वेच्छेने वर्षानुवर्षे केलेल्या रोज्यांपेक्षा अधिक लाभाचे आहे. कारण स्वतः ठरवलेल्या भुकेत ‘मी’ शिल्लक राहतो, तर हुकमाने जेवताना तो राहत नाही. अन्य एका पत्रात सहरी उशिरा व इफ्तार लवकर करण्याविषयी ते म्हणतात की, यातून माणसाची दुर्बलता व गरज प्रकट होते आणि तेच बंदगीला शोभणारे आहे.

यावरून एक सूफी चूक व दुसरा बरोबर असा निकाल देण्याचे कारण नाही. शेख गौस यांची साधना नफिल, म्हणजे ऐच्छिक क्षेत्रातील आहे. सरहिंदींचा इशारा आहे तो ऐच्छिक कष्टाला फर्जपेक्षा मोठे मानणाऱ्यांना. ऐच्छिक रोज्यांनाही प्रेषितांनी (स.) सीमा घातलीच होती. रोज रोजा ठेवू इच्छिणाऱ्या अब्दुल्लाह बिन अम्र यांना त्यांनी जास्तीत जास्त दिवसाआड रोज्याची, म्हणजे हजरत दाऊद यांच्या पद्धतीची, परवानगी दिली आणि शरीराचा, डोळ्यांचा व पत्नीचाही हक्क असतो, याची आठवण करून दिली.

अध्यापकांसाठी

या चर्चेचा आपल्या महाविद्यालयांशी थेट संबंध आहे. रमजान परीक्षेच्या काळात आला की मधुमेही विद्यार्थी वैद्यकीय सल्ला डावलून रोजा ठेवतो आणि त्याचे कौतुक होते. पाळीच्या दिवसांत विद्यार्थिनी रोजा असल्याचे भासवून दिवसभर पाणीही घेत नाहीत. ज्याचा रोजा नाही त्याला कारण विचारले जाते. यांपैकी कशालाही शास्त्राचा आधार नाही. उलट, खोटे बोलणे न सोडणाऱ्याच्या अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला गरज नाही, या अर्थाची हदीस सर्वपरिचित आहे. एखाद्या मुलीला लाजेपोटी रोज्याचे सोंग करावे लागत असेल, तर त्या खोट्याचा दोष तिच्यापेक्षा तिला भाग पाडणाऱ्या वातावरणाकडे अधिक जातो.

दुसरे टोक इफ्तारच्या दस्तरखानावर दिसते. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या इफ्तार पार्ट्यांनाही लागू पडते. खजूर व पाण्यावर रोजा सोडण्याच्या सुन्नतमध्ये जो साधेपणा आहे, तो तेथे हरवतो.

तेव्हा अध्यापकांनी वर्गात रोज्याचे नियम सांगताना सवलतींपासून प्रारंभ करावा, असे सुचवावेसे वाटते. आजारी, प्रवासी, वृद्ध, माता आणि पाळीतील विद्यार्थिनी यांचे नियम आधी, रोजा तोडणाऱ्या गोष्टींची यादी नंतर. महाविद्यालयात पिण्याच्या पाण्याची व थोड्या आडोशाची सोय रमजानमध्येही चालू राहावी, आणि कोणाचाही रोजा आहे की नाही हे विचारले जाऊ नये. कुरआनने हुकूम आणि सवलत एकत्र सांगितली आहे. शिकवतानाही ती एकत्रच सांगितली पाहिजे.