तबकडीवरचे नाव आणि तबकडीतले हात

पियानो कॉन्चेर्तोची एखादी जुनी तबकडी हाती घेतली, की तिच्या वेष्टनावर संगीतकाराचे, पियानोवादकाचे आणि वाद्यवृंदाच्या संचालकाचे नाव ठळक दिसते. त्याखाली वाद्यवृंदाचे नाव असते. पण त्या वृंदात बसून वाजवणाऱ्या साठ-सत्तर माणसांची नावे बहुधा कोठेच आढळत नाहीत. माझे आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले. संगीताचे शास्त्र मला कळते असा माझा दावा नाही. परंतु मालावर छाप एकाची आणि घाम अनेकांचा, हा प्रकार माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. म्हणून या तबकड्यांचा इतिहास आज मी त्या अनामिक वादकांच्या बाजूने सांगणार आहे.

कॉन्चेर्तो म्हणजे एका प्रमुख वाद्याने संपूर्ण वाद्यवृंदाशी केलेला संवाद. कीर्तनकार पुढे उभा असतो हे खरे, पण मागचे टाळकरी गप्प बसले तर कीर्तन रंगत नाही. येथेही तसेच आहे. पियानो प्रश्न करतो आणि व्हायोलिने, बासऱ्या, तुताऱ्या उत्तर देतात.

१९४१ साली व्लादिमिर होरोविट्झ याने आपले सासरे आर्तुरो तोस्कानिनी यांच्या संचालनाखाली चायकोव्हस्कीचा पहिला कॉन्चेर्तो ध्वनिमुद्रित केला. साथीला एनबीसी या नभोवाणी कंपनीचा वाद्यवृंद होता. त्या काळच्या तबकडीची एक बाजू जेमतेम चार-साडेचार मिनिटे वाजे. त्यामुळे अर्ध्या तासाच्या या कृतीला चार तबकड्या लागत, आणि दर चार मिनिटांनी उठून बाजू पालटावी लागे. या तबकड्यांमधील मुख्य बांधणारा पदार्थ होता लाख. ती बव्हंशी आपल्या देशातून जाई. छोटा नागपूरच्या रानातील आदिवासी पळस, बोर, कुसुम या झाडांवरून ती खरवडून काढीत. म्हणजे त्या तबकडीत आणखी काही अनामिक हात होते, आणि ते आपलेच होते. युद्धामुळे लाखेचा तुटवडा पडला, तेव्हा १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठी तिच्या वापरावर कडक निर्बंध घातले.

त्याच वर्षी दुसरा, अधिक मोठा खंड पडला. अमेरिकेतील वादकांच्या संघटनेचा अध्यक्ष जेम्स सीझर पेट्रिलो याने हुकूम काढला, की १ ऑगस्ट १९४२ पासून एकाही सभासदाने तबकडीसाठी वाजवू नये. त्याची तक्रार साधी होती. नभोवाणी केंद्रे आणि उपाहारगृहे तबकड्या लावून वादकांना घरी बसवीत होती. आपल्याकडे गिरण्या आल्या तेव्हा हातमागवाला बुडाला. पण ज्या यंत्राने त्याला बुडवले, ते त्याने स्वतः बांधलेले नव्हते. वादकाची अवस्था याहून चमत्कारिक होती. त्याची भाकरी हिरावणाऱ्या तबकडीत त्याचेच वादन होते.

हा संप दोन वर्षांहून अधिक काळ चालला. युद्धकाळात संप म्हणून पेट्रिलोवर टीकेचा भडिमार झाला. १९४४ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी विनंती केली, तीही त्याने मानली नाही. डेक्का कंपनीने १९४३ मध्येच करार केला होता. व्हिक्टर आणि कोलंबिया या दोन बलाढ्य कंपन्या ११ नोव्हेंबर १९४४ रोजी नमल्या. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक तबकडीमागे काही रक्कम संघटनेच्या निधीत जमा करण्याचे ठरले. या निधीतून बेकार वादकांना काम मिळे आणि गावोगावच्या लोकांना फुकट संगीत ऐकावयास मिळे. १९४७ च्या नव्या कायद्याने असा निधी संघटनेच्या हाती ठेवणे बेकायदा ठरवले. तेव्हा १९४८ मध्ये पुन्हा जवळजवळ वर्षभर बंदी झाली, आणि अखेर स्वतंत्र विश्वस्ताच्या हाती निधी सोपवून तडजोड झाली.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की लांब वेळ वाजणारी व्हिनाइलची तबकडी याच बंदीच्या वर्षी जन्मली. जून १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने ती न्यूयॉर्कमध्ये लोकांपुढे मांडली. मिनिटाला ३३ आणि एकतृतीयांश फेरे, केसासारखी बारीक खाच, आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक संगीत, असे तिचे स्वरूप होते. नवे वादन बंद असताना या तबकड्या भरल्या कशा? जुन्या साठ्यातून! मोठ्या आकाराच्या बारा इंची मालिकेतील पहिली तबकडी कॉन्चेर्तोचीच होती. पियानोचा नव्हे, तर मेंडेल्सोनचा व्हायोलिन कॉन्चेर्तो, नेथन मिल्स्टाइनने १९४५ मध्ये वाजवलेला. वादक हात आवरून बसले होते आणि त्यांचे पूर्वीचे श्रम नव्या वेष्टनात बाजारात येत होते.

१९५४ साली तोस्कानिनी निवृत्त झाले आणि कंपनीने त्यांचा वाद्यवृंद मोडीत काढला. वादकांनी काय करावे? त्यांतील बहुतेकांनी एकत्र येऊन स्वतःचाच वृंद उभारला आणि त्याला ‘सिम्फनी ऑफ द एअर’ असे नाव दिले. त्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांनी संचालकाची जागा रिकामी ठेवून जाहीर कार्यक्रम केला! पुढे १९५६ मध्ये आर्थर रुबिन्स्टाइन याने बीथोव्हेनचे पाचही पियानो कॉन्चेर्तो योझेफ क्रिप्सच्या संचालनाखाली ध्वनिमुद्रित केले, ते याच वृंदाच्या साथीने. रुबिन्स्टाइनचे ते वादन आजही रसिक आवडीने ऐकतात. मागची साथ कामावरून काढलेल्या माणसांची आहे, हे किती जणांच्या ध्यानी येत असेल?

आता सर्वांत गाजलेल्या तबकडीकडे वळू. एप्रिल १९५८ मध्ये मॉस्कोच्या पहिल्या चायकोव्हस्की स्पर्धेत व्हॅन क्लायबर्न हा तेवीस वर्षांचा अमेरिकन तरुण पहिला आला. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत न्यूयॉर्कने त्याची विजयी वीरासारखी मिरवणूक काढली. त्याच मे महिन्यात रशियन संचालक किरिल कोंद्राशिन याच्यासह त्याने चायकोव्हस्कीचा तोच पहिला कॉन्चेर्तो ध्वनिमुद्रित केला. दहा लाखांवर खप झालेली अभिजात संगीताची ही पहिली लांब तबकडी. साथीला आरसीए व्हिक्टर सिम्फनी ऑर्केस्ट्रा असे भारदस्त नाव आहे. पण तो ध्वनिमुद्रणापुरते वादक गोळा करून उभा केलेला वृंद होता. मला तर गिरणीच्या दारात सकाळी उभ्या राहणाऱ्या बदली कामगारांची आठवण होते.

येथे आमच्या चळवळीची एक चूकही सांगितली पाहिजे. निधी सर्वांसाठी होता खरा, परंतु प्रत्यक्ष वाजवणाऱ्याच्या वादनाचे पैसेही त्याला न मिळता निधीत जाऊ लागले. १९५६ पासून लॉस एंजेलिसच्या वादकांनी सेसिल रीड यांच्या पुढाकाराने स्वतःच्या संघटनेविरुद्ध बंड केले, आणि १९५८ मध्ये चित्रपटगृहांसाठी संगीत वाजवणाऱ्यांनी कौल देऊन वेगळी संघटना पत्करली. बेकाराची काळजी वाहताना राबणाऱ्याचा हक्क विसरला, तर संघटनेचीच भिंत ढासळते. हा धडा मी अनेकदा शिकलो आहे.

आपल्यालाही हे सारे परके नाही. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये मुंबईत बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला, तेव्हा त्यात गोव्याचे कितीतरी वादक होते. अशाच गोमंतकीय वादकांनी पुढे हिंदी चित्रपटांचे संगीत वाजवले. गाण्याच्या तबकडीवर गायकाचे आणि संगीत-दिग्दर्शकाचे नाव छापले गेले. व्हायोलिन आणि ट्रम्पेट वाजवणाऱ्यांचे मात्र नाही.

मोठ्या कलावंताचे मोठेपण यामुळे यत्किंचितही उणे होत नाही. क्लायबर्नची बोटे क्लायबर्नचीच! माझी विनंती एवढीच आहे, की यापुढे एखादा कॉन्चेर्तो ऐकाल तेव्हा पियानो थांबतो त्या जागी कान देऊन बसा. त्या क्षणी जे वाजत असते, ते या माणसांचे काम आहे. त्यांचे नाव छापून घेणे आणि त्यांचा दाम पदरात पाडून घेणे, यासाठी जगात भांडणे झाली. आणि ती भांडणे संगीताच्या इतिहासाचाच एक भाग आहेत.