एका कढईतले जेवण : त्याची पूर्वपीठिका

भगिनींनो, आपल्या स्मरणिकेत पाककृती नेहमीच येतात आणि त्या आवडीने वाचल्याही जातात. यंदा चिटणीसबाईंनी मला बजावले की, नुसती कृती देऊ नका, तिच्यामागे काही इतिहास असेल तर तोही लिहा. सातवी शिकलेल्या बाईने इतिहास लिहावा हे कुणाला धाडसाचे वाटेल. परंतु राजेलोकांच्या लढाया लिहायला विद्वान मंडळी पुष्कळ आहेत. चुलीचा इतिहास चुलीपुढे बसणारीने लिहिला तर त्यात वावगे काय? वाचनालयातली पुस्तके चाळून आणि थोरामोठ्यांच्या तोंडून ऐकून जे जमले ते मांडते.

निमित्त असे झाले. आपल्या एका सभासद भगिनीची मुलगी लग्न होऊन अमेरिकेत गेली आहे. ती तिकडे नोकरी करते. संध्याकाळी थकून घरी आल्यावर एका पसरट तव्यात टर्की नावाच्या पक्ष्याचा खिमा आणि चार भाज्या एकत्र परतून ती अर्ध्या तासात जेवण तयार करते, असे तिने आईला फोनवर सांगितले. ही हकीकत मंडळात निघाली तेव्हा पहिला प्रश्न आला, "तुर्कस्तानचा पक्षी अमेरिकेत कसा गेला?"

त्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. हा पक्षी मुळात अमेरिका खंडातलाच. मेक्सिकोच्या लोकांनी तो फार पूर्वीच माणसाळवला होता. सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. इंग्रजांना वाटले की हा तुर्कांकडून आला, म्हणून त्यांनी त्याला टर्की म्हटले. फ्रेंचांच्या भाषेत त्याचे नाव हिंदुस्थानावरून पडले आहे, आणि खुद्द तुर्क लोक त्याला 'हिंदी' म्हणतात! पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात, आणि गोव्याच्या बाजूला आजही तेच नाव चालते. म्हणजे ज्याने त्याने त्याला दुसऱ्याच्या गावचा पाहुणा ठरवले. आपल्याकडे खेड्यात नव्या सुनेला तिच्या माहेरच्या गावाच्या नावाने हाक मारतात, तसाच हा प्रकार. फक्त इथे माहेरच चुकले.

हा पाहुणा हिंदुस्थानात आला तो गोव्याच्या मार्गाने. बादशहा जहांगीर याला नवलाच्या वस्तूंची भारी हौस. त्याने मुकर्रबखान नावाच्या सरदाराला गोव्यास धाडले आणि फिरंगी मागतील ती किंमत देऊन दुर्मिळ जिनसा आणण्यास सांगितले. १६१२ साली खानाने जे आणले त्यात हा पक्षी होता. त्याच्या डोक्याचा व मानेचा रंग सरड्यासारखा बदलतो, कधी पोवळ्यासारखा लाल, कधी कापसासारखा पांढरा, असे बादशहाने आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. उस्ताद मन्सूर या चित्रकाराकडून त्याने पक्ष्याचे चित्र काढवून घेतले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. केरळ, तमिळनाडूकडे टर्की पाळतात असे ऐकते. आपल्या कुरखेड्याच्या बाजारात मात्र तो दिसत नाही, आणि त्यावाचून आपले काही अडतही नाही; आपल्या अंगणात गावठी कोंबडी आहे.

खरा मुद्दा पक्ष्याचा नाहीच. मांस बारीक करून भाजीबरोबर एका भांड्यात शिजवणे, ही युक्ती कुणाची? ती अमेरिकेची नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण, आपल्या महाराष्ट्राच्या सीमेला लागूनच. या ग्रंथात राजाच्या भोजनाचे एक प्रकरण आहे, आणि त्यात बारीक केलेले मांस पोखरलेल्या वांग्यात भरून तळण्याचा प्रकार सांगितला आहे. आपण भरली वांगी करतो, त्यांची ही नऊशे वर्षांपूर्वीची मांसाहारी बहीण म्हणायची.

'खिमा' हा शब्द मात्र तुर्की-फारसीतून आला. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त अकबराच्या मुदपाकखान्यातले पदार्थ दिले आहेत; त्यात खिम्याचा पुलाव आहे आणि खिम्याचा शोरबाही आहे. याच ग्रंथात आपल्या शेजारच्या वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीचाही उल्लेख आहे. आरमोरीला जाणाऱ्या आपल्या भगिनींनी वैरागडचा पडका किल्ला पाहिला असेल. दिल्ली-आग्र्याच्या पुस्तकात वैरागडचा हिरा पोचला. वैरागडच्या बाईच्या चुलीवर त्या दिवशी काय शिजत होते ते मात्र कुणी टिपून ठेवले नाही. राजाच्या स्वयंपाकघरात किती शेर तूप लागे याचा हिशेब मिळतो. प्रजेच्या घरी तूप होते की नव्हते, हे आपण आपले ताडायचे.

आता कढईतल्या भाज्यांकडे पाहा. मिरची, आलू आणि भेदरे ही तिन्ही टर्कीच्याच मुलखातली. पोर्तुगीज येण्यापूर्वी आपल्या देशात मिरची नव्हती. तिखटासाठी मिरे आणि पिंपळी वापरीत, आणि मिऱ्यावरूनच मिरचीला नाव पडले. पश्चिमेकडचे लोक आलूला बटाटा म्हणतात तो शब्द पोर्तुगिजांचा, आणि आपल्या पत्ताकोबीतला 'कोबी'ही त्यांचाच. भेदरे तर फार मागाहून, इंग्रजांच्या अमदानीत रुळले. वांगे, कांदा, लसण, आले, आंबाडी ही जुनी मंडळी. आज भिवापूरच्या मिरचीला सरकारी भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि आपण तिला आपलीच म्हणतो. चारशे वर्षे नांदल्यावर सुनेला परकी कोण म्हणेल?

कढईचे लोखंडही आपल्याच भूमीतले. जुन्या चांदा जिल्ह्यात लोहाऱ्याची लोखंडी टेकडी प्रसिद्ध होती. लहान भट्ट्यांत कोळशाच्या आचेवर दगड गाळून लोखंड काढण्याचा धंदा या भागात होता. पुढे विलायती लोखंड स्वस्त आले आणि त्या भट्ट्या विझल्या. एटापल्लीकडच्या सुरजागडचे नाव तर आता वर्तमानपत्रात रोजच असते. लोखंडी कढईत आंबट पदार्थ शिजवला की लोखंडाचा थोडा अंश अन्नात उतरतो, हे आता डॉक्टरही सांगतात. आंबाडीची भाजी लोखंडी कढईत काळपट पडते म्हणून पुष्कळजणी नाक मुरडतात आणि अॅल्युमिनियमच्या गंजाकडे वळतात. आपल्या भागातल्या बायकांच्या अंगात रक्त कमी असते, ही तक्रार प्रत्येक आरोग्य तपासणीत निघते. ज्या घरात जुनी कढई माळ्यावर पडली असेल तिथे ती घासून खाली घ्यायला हरकत नाही. अर्थात कढईने गोळ्यांचे काम भागत नाही. नर्सबाईंनी दिलेल्या गोळ्या घ्यायच्याच.

एका भांड्यात सारे शिजवण्याचे कारण चवीत शोधू नये, ते सरपणात आणि वेळेत आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता नावाचा प्रवासी या देशात आला. इथले लोक मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून सकाळी तुपाबरोबर खातात, असे त्याने लिहून ठेवले. म्हणजे खिचडी ही तेव्हाही होतीच. आपल्या झाडीत आंबील आणि पेज. जिला पहाटे मोहफुले वेचायला जायचे, दिवसभर रोवणीला चिखलात वाकायचे, आणि येताना डोक्यावर मोळी आणायची, ती वरण वेगळे, भाजी वेगळी, भाकर वेगळी कधी करील? आंबाडीत झिंगे टाकले, वांग्यात सुकट टाकली, की कोरड्यास झाले. आमच्या आजीच्या वेळी फोडणीला जवसाचे नाहीतर मोहाच्या बियांचे तेल असे, तेही बोटभर.

चुलीच्या धुराची कथा याहून मोठी आहे. वर्ध्याला १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. त्याच्या मगनवाडीत धूर घराबाहेर काढणारी 'मगन चूल' तयार झाली. १९८० नंतरच्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा कार्यक्रम देशभर चालवला. पुष्कळ घरांत त्या चुली बसल्या, आणि नळीत काजळी धरली की पुष्कळ घरांत मोडल्याही. भांडे चुलीच्या तोंडावर नीट बसत नाही, ही साधी गोष्ट ती बांधणाऱ्याने स्वयंपाक करणारीला विचारली असती तर कळली असती. गॅसची सिलिंडरे मुंबईत १९५५ साली आली. आपल्याकडच्या कितीतरी घरांत ती २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर पोचली. तरी सिलिंडर पुन्हा भरून आणायचे तर पैसे मोजावे लागतात. म्हणून आजही बऱ्याच घरी चहा गॅसवर आणि भात चुलीवर असतो. एका कढईच्या जेवणाला गॅस थोडा लागतो, हा त्याचा गुण आपल्या उपयोगाचा.

परंतु मला या पदार्थाचे महत्त्व वाटते ते निराळ्याच कारणासाठी. कोंबडी कापली की तिचे तुकडे होतात, आणि तुकड्यांना मान असतो. तंगडी कुणाची, कलेजी कुणाची, हे न बोलता ठरलेले असते. आधी पाहुणे, मग घरचे पुरुष, मग पोरे. सगळ्यांची ताटे उठल्यावर घरातली बाई गंज तिरपा करून पाहते, तेव्हा तिच्या वाट्याला मान, पंखाचे हाड आणि रस्सा. रश्श्याला चव असते हे खरे, पण कस मांसात असतो. बाळंतीण आणि दिवस गेलेली सून यांनाही कितीतरी घरांत रश्श्यावरच भागवावे लागले. हे कुणी दुष्टपणाने केले असे मी म्हणत नाही. सासूनेही तेच खाल्लेले असते. खिम्याला मात्र तंगडी नसते. भाजीत मिसळलेला खिमा वाढताना निवडून काढता येत नाही. पहिल्या डावात जे आले तेच शेवटच्या डावात येते. पाव किलो मांस पाच माणसांत सारखे वाटायचे असेल तर याहून सोपा उपाय मला तरी माहीत नाही. अकबराच्या मुदपाकखान्यात खिमा बारीक करीत तो दातांना त्रास नको म्हणून असेल. आपण तो वाटणीसाठी करावा.

आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे. आपल्या भागातल्या कितीतरी बाया धानाची कामे आटोपली की मिरची तोडायला तेलंगणात जातात. २०१४ पूर्वी तो आंध्र होता. राज्याचे नाव बदलले, वाट तीच आहे. गाडीत धान्याच्या पोत्याबरोबर एक कढई, एक गंज आणि एक सराटा एवढीच भांडी असतात. शेताच्या कडेला तीन दगडांची चूल मांडतात आणि मिरचीने जळजळणाऱ्या हातांनी रात्रीचे रांधतात. तिथे एका कढईचे जेवण ही हौस नव्हे, दुसरी कढईच नाही. जाऊन आलेल्या एकीने मला सांगितले की, तिकडे आठवड्यातून एकदा चौघी मिळून कोंबडी घेतात, विळीवर बारीक चिरतात आणि वांगी-आलू घालून एकत्र करतात, म्हणजे कुणाला कमी पडले असे होत नाही. तिने मानसोल्लास वाचलेला नाही. अमेरिकेतल्या मुलीचा पदार्थ तो हाच.

आता कृती. पाच माणसांसाठी पाव किलो कोंबडीचे बिनहाडाचे मांस घ्यावे आणि धारेच्या सुरीने किंवा विळीवर अगदी बारीक चिरावे. गावठी कोंबडी चिवट असते. अख्ख्या तुकड्यांना तास लागतो, पण चिरल्याने तिचे तंतू तुटतात आणि आच लवकर आत पोचते. लोखंडी कढईत दोन चमचे तेल तापवून दोन कांदे लाल करावे, त्यात ठेचलेले लसण-आले, हळद, तिखट घालावे आणि लगेच खिमा टाकून मोठ्या आचेवर गोळे फोडीत परतावे. पाणी आटून तेल सुटेपर्यंत थांबावे. या ठिकाणी घाई केली की उग्र वास राहतो. मग दोन आलू आणि दोन वांगी बारीक चिरून, हिवाळा असेल तर मूठभर वाटाणे, आणि तीन भेदरे घालावी. मीठ घालून झाकण ठेवावे व झाकणावर पाणी ओतावे, म्हणजे खाली लागत नाही. दहा-बारा मिनिटांत आलू शिजतात. वरून पत्ताकोबी चिरून घालावी आणि दोनदा हलवून उतरवावे, ती जास्त शिजवू नये. सांबार वरून. भातावर चांगले लागते, भाकरीशीही जाते. आंबट झालेले अन्न लोखंडी कढईत रात्रभर ठेवू नये, चव बिघडते. लगेच दुसऱ्या भांड्यात काढावे.

आपल्यात माळकरी भगिनीही आहेत. त्यांनी खिम्याच्या जागी पावसाळ्यात सात्या चिरून घालाव्या, नाहीतर वास्ते. वास्ते मात्र आधी उकळून ते पाणी टाकून द्यावे, कडूपणा त्या पाण्यात जातो. सात्यांना पाणी फार सुटते, तेव्हा त्यांच्यासाठी झाकण ठेवू नये.